एकसारखे हायड्रोजेल कण आणि मायक्रोकॅप्सूल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायक्रोफ्लुइडिक चिपवर, म्हणजे अतिशय बारीक वाहिन्या असलेल्या लहान पट्टीवर, थेंब पाडून त्यांचे हायड्रोजेल कण करू इच्छिणारे मराठवाड्यातील रसायनशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानाचे विद्यार्थी व त्यांचे शिक्षक यांना डोळ्यांसमोर ठेवून ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. प्रयोगाच्या छापील पद्धती बहुधा वातानुकूलित प्रयोगशाळांत तयार झालेल्या असतात. आपल्याकडचे जड पाणी, मे महिन्यातले तापमान आणि अधूनमधून जाणारी वीज यांचा उल्लेख त्यांत नसतो, पण या तिन्हींचा परिणाम थेट कणांच्या आकारावर होतो. चिप चांगली असली की कण आपोआप एकसारखे येतात, असा समज घेऊन अनेकजण कामाला सुरुवात करतात. तो समज दूर व्हावा, हा या लेखनामागचा मुख्य हेतू आहे.

हायड्रोजेलचा कण आणि मायक्रोकॅप्सूल यांत फरक काय?

हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारी पॉलिमरची जाळी. कण आतून-बाहेरून याच जाळीचा असतो, तर कॅप्सूलला गाभा आणि कवच असे दोन भाग असतात. गाभा पातळ द्रवाचा, तेलाचा किंवा दुसऱ्या जेलचा असू शकतो. आत ठेवलेला पदार्थ सगळीकडे सारखा पसरलेला चालणार असेल तर कण पुरेसा असतो. तो पदार्थ ठरावीक वेळेपर्यंत बाहेर येऊ द्यायचा नसेल, किंवा आतल्या पेशींना मोकळी जागा हवी असेल, तरच कॅप्सूलच्या वाटेला जावे, कारण तिची मेहनत कितीतरी जास्त आहे.

कृषी सेवा केंद्रात पिशवीत मिळणारे हायड्रोजेल हेच का?

तत्त्व तेच आहे, वस्तू वेगळी आहे. जमिनीत ओल टिकवण्यासाठी वापरले जाणारे हायड्रोजेल, उदाहरणार्थ दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने विकसित केलेले पुसा हायड्रोजेल, हे दाणेदार स्वरूपात विकले जाते आणि आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषते. त्याचे दाणे लहान-मोठे असले तरी कोरडवाहू शेतात काही बिघडत नाही. इथे आपण ज्या कणांविषयी बोलत आहोत ते साधारण २० ते ५०० मायक्रोमीटर व्यासाचे असतात आणि त्यांचे मोल त्यांच्या एकसारखेपणातच असते.

एकसारखेपणाचा एवढा आग्रह कशासाठी?

कारण व्यासातला लहान फरक आकारमानात मोठा होऊन बसतो. गोलाचे आकारमान व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणून व्यास ५ टक्क्यांनी वाढला तर आकारमान जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढते, म्हणजे त्या कणात औषधही तेवढे जास्त जाते. कणातून औषध बाहेर झिरपायला लागणारा वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून व्यास १० टक्क्यांनी जास्त असेल तर तो वेळ सुमारे २१ टक्क्यांनी लांबतो. चंचुपात्रात तेल घेऊन त्यात जेलचे द्रावण ढवळून केलेल्या कणांत सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या कणाच्या व्यासात कित्येक पटींचा फरक सहज आढळतो. अशा मिश्रणातून मिळालेला औषधमुक्तीचा आलेख हा पदार्थाचा गुणधर्म सांगतो की केवळ आकारांची सरमिसळ दाखवतो, हे वेगळे काढता येत नाही.

याचे एक ठळक उदाहरण एकेका पेशीतील आर.एन.ए. वाचण्याच्या तंत्रात दिसते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीत प्रत्येक थेंबात एक पेशी आणि ओळखचिन्हे वाहणारा एक हायड्रोजेल कण एकत्र आणला जातो. मऊ आणि एकाच मापाचे कण वाहिनीत दाटीवाटीने भरले की ते ठरावीक अंतराने पुढे सरकतात, आणि त्यामुळे जवळजवळ प्रत्येक थेंबात नेमका एकच कण बसवता येतो. कण लहान-मोठे असते तर ही लय साधलीच नसती.

चिपमध्ये थेंब नेमका कसा तुटतो?

जेलचे जलीय द्रावण आणि त्याच्यात न मिसळणारे तेल एका अरुंद संगमावर भेटतात. तेल जलीय धारेला ओढते आणि दाबते, पृष्ठताण तिला आकसून गोल करू पाहतो, आणि या रस्सीखेचीत धारेची मान बारीक होत होत तुटते. तेलाची चिकटता गुणिले वेग भागिले पृष्ठताण या गुणोत्तराला केशिका अंक म्हणतात. तो कमी असतो तेव्हा संगमाच्या तोंडाशीच एकामागून एक नियमित थेंब पडतात. वेग वाढवत नेला की धार लांब पिचकारीसारखी पुढे जाते आणि मग कुठेतरी तुटते. त्या अवस्थेतले थेंब सहसा तितके एकसारखे नसतात. इंग्रजी टी अक्षरासारख्या संगमावर, केशिका अंक साधारण ०.०१ पेक्षा कमी असताना, थेंबाची लांबी मुख्यतः दोन प्रवाहांच्या गुणोत्तरावर ठरते, त्यामुळे नवशिक्याला तिथे अंदाज बांधणे सोपे जाते. दोन्ही बाजूंनी तेल येऊन मधली धार आवळणारी रचना लहान थेंबांसाठी अधिक सोयीची असते. १०० मायक्रोमीटर व्यासाच्या थेंबात सुमारे अर्धा नॅनोलिटर द्रव मावतो, म्हणजे ताशी १ मिलिलिटर जलीय द्रावण सोडले तर सेकंदाला सुमारे ५३० थेंब पडतात.

आमच्या महाविद्यालयात चिप तयार करण्याची सोय नाही. मग काय करावे?

सिलिकॉन वेफरवर साचा काढून त्यावर पी.डी.एम.एस. हे सिलिकॉन रबर ओतणे ही सर्वमान्य रीत आहे. रबर आणि त्याचा कडक करणारा घटक १० : १ या प्रमाणात मिसळतात, हवेचे बुडबुडे निर्वातात काढतात आणि ६५ ते ८० अंश सेल्सियसला भाजतात. साचा एकदाच बाहेरून करून आणला तर तो जपून वापरल्यास कित्येक चिपा ओतता येतात, आणि ओतण्याचे काम कोणत्याही महाविद्यालयाच्या ओव्हनमध्ये होऊ शकते. काचेला चिकटवण्यासाठी ऑक्सिजन प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित ऑक्सिजन वायूचा मारा, लागतो. तो कुठे उपलब्ध आहे हे केंद्र सरकारच्या आय-स्टेम या उपकरण-पोर्टलवर शोधता येते.

मात्र प्लाझ्मा दिलेली चिप त्याच दिवशी वापरू नये. प्लाझ्मामुळे वाहिन्यांचे पृष्ठ पाण्याला ओढून घेणारे होते, आणि तेलात पाण्याचे थेंब हवे असतील तर पृष्ठ नेमके उलट, म्हणजे पाण्याला झिडकारणारे असावे लागते. चिप रात्रभर ८० अंशांना ठेवली किंवा पृष्ठावर जलरोधक लेप दिला तर हा दोष जातो. संगमावर थेंब पडण्याऐवजी जलीय द्रावण भिंतीला चिकटून सरकताना दिसले, तर पंपाच्या आकड्यांशी खेळण्याआधी पृष्ठाचा संशय घ्यावा.

प्लाझ्मा मिळतच नसेल तर काचेच्या केशनळ्या, टेफ्लॉनची बारीक नळी आणि इंजेक्शनची सुई एवढ्यावरही काम सुरू करता येते. तेल वाहणाऱ्या नळीच्या मध्यभागी ३० गेजची सुई समाक्ष बसवली तर काहीशे मायक्रोमीटरचे उत्तम थेंब मिळतात. सुईचे तोंड तिरपे असते, ते बारीक पॉलिश कागदावर घासून सपाट करावे, नाहीतर थेंब एका बाजूला ओढला जातो. पहिल्या प्रकल्पासाठी हीच रचना आम्ही सुचवतो, कारण थेंब तुटण्याची क्रिया तिच्यात भिंगानेही दिसते आणि काही बिघडले तर सुई बदलायला दोन मिनिटे लागतात.

अल्जिनेटचे द्रावण करतानाच गुठळ्या का होतात?

पहिला संशय पाण्याचा घ्यावा. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकावर आहे आणि अनेक गावांतले, शहरांतलेही बोअरचे पाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते. अल्जिनेट हे तपकिरी सागरी शेवाळापासून काढलेले पॉलिमर आहे आणि कॅल्शियम भेटताच त्याच्या शेजारशेजारच्या साखळ्या, विशेषतः त्यांतले ग्युलुरॉनिक आम्लाचे पट्टे, एकमेकांना बांधले जातात. जी क्रिया आपल्याला थेंबात हवी असते ती बाटलीतच सुरू होते. डोळ्यांना दिसणारी गुठळी निदान कळते तरी. त्याहून वाईट म्हणजे न दिसणारे अर्धवट जेल, जे संगमावर मधूनच अडकते आणि थेंबांची लय मोडते.

म्हणून पाणी विआयनीकृत किंवा नीट ऊर्ध्वपातन केलेलेच वापरावे आणि ज्या ऊर्ध्वपातन उपकरणाची तापवणारी कांडी पांढऱ्या थराने भरलेली आहे त्याच्या पाण्यावर विश्वास ठेवू नये. काचेची भांडीही शेवटी याच पाण्याने विसळावीत, कारण नळाच्या पाण्याने विसळून वाळवलेल्या भांड्याच्या तळाशी जो पांढुरका डाग राहतो तो बहुधा कॅल्शियमचाच असतो. पूड एकदम न टाकता जोरात ढवळल्या जाणाऱ्या पाण्यात चिमटीचिमटीने भुरभुरावी, रात्रभर हळू ढवळत ठेवावे आणि सकाळी बुडबुडे बसल्यावर गाळून घ्यावे. १ ते २ टक्के द्रावण बहुतेक चिपांना चालते. निर्जंतुक करण्यासाठी ऑटोक्लेव्ह टाळावा, त्याने साखळ्या तुटून चिकटता उतरते. पातळ द्रावण ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढणे बरे.

थेंब अगदी एकसारखे दिसतात, पण कण वेडेवाकडे निघतात. असे का?

आमच्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. थेंब एकसारखा असणे आणि कण एकसारखा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट संगम ठरवतो, दुसरी ठरते थेंब कधी, कुठे आणि किती वेगाने जेल होतो यावर. बुंदी पाडताना झाऱ्याची भोके एका मापाची असली तरी पीठ घट्ट झाले किंवा झारा फार उंच धरला की दाण्यांना शेपट्या येतात. तसेच इथेही घडते.

अल्जिनेटचा थेंब थेट कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात पाडला तर त्याचे बाहेरचे पृष्ठ क्षणात बांधले जाते आणि आतला भाग मागे राहतो. तेल आणि पाणी यांची सीमा ओलांडताना थेंब ताणला गेलेला असेल तर त्याच ताणलेल्या अवस्थेत तो गोठतो आणि शेपटी असलेला कण तयार होतो. शिवाय जेल बाहेरून आत सरकत जाताना पॉलिमर कडेकडे ओढले जाते, त्यामुळे कण कडेला दाट आणि मध्ये विरळ होतो.

यावरचा उपाय म्हणजे कॅल्शियम थेंबातच झोपलेल्या अवस्थेत ठेवणे आणि थेंब पूर्ण गोल झाल्यावर त्याला जागे करणे. एका पद्धतीत कॅल्शियम कार्बोनेटची अतिबारीक पूड अल्जिनेटमध्ये मिसळतात आणि तेलात किंचित असेटिक आम्ल घालतात. आम्ल थेंबात शिरते, पूड विरघळते, कॅल्शियम सुटते. अडचण अशी की पूड पुन्हा गोळा होते, प्रत्येक थेंबात सारखी जात नाही आणि वाहिनीही तुंबवते. दुसऱ्या पद्धतीत कॅल्शियम ई.डी.टी.ए. या त्याला घट्ट धरणाऱ्या रसायनाशी बांधलेले असते. उदासीन सामू असताना ई.डी.टी.ए. त्याला सोडत नाही आणि आम्ल येताच सोडतो. सगळे काही विरघळलेले असल्यामुळे प्रत्येक थेंबाला कॅल्शियम समान मिळते, आणि कण आरपार एकजीव होतो. थोडे जास्त रसायन लागले तरी आम्ही याच पद्धतीच्या बाजूचे आहोत. पेशी असतील तर मात्र आम्लाचा सहवास काही मिनिटांपेक्षा जास्त होऊ देऊ नये आणि लगेच उदासीन, कॅल्शियमयुक्त द्रावणाने कण धुवावेत.

जेल बांधण्यासाठी बाहेरून कॅल्शियम द्यायचेच असेल तर एक साधी गोष्ट तपासावी. १०० मिलिमोलर द्रावणासाठी निर्जल कॅल्शियम क्लोराइड लिटरला ११.१ ग्रॅम लागते, पण प्रयोगशाळेतल्या बाटलीत बहुधा दोन रेणू पाणी असलेले क्षार असते, आणि त्याचे १४.७ ग्रॅम घ्यावे लागते. बाटलीवरचे रेणुसूत्र वाचून मगच वजन करावे. निर्जल क्षार पावसाळ्यात हवेतले पाणी शोषून ओले होते, तेव्हा त्याचे वजनही फसवते.

अल्जिनेटऐवजी दुसरे काय वापरता येईल?

अॅगरोज तापमानाने जेल होते. कमी तापमानाला गोठणारे अॅगरोज साधारण २६ ते ३० अंशांना बांधले जाते, म्हणजे मे महिन्यात बिनावातानुकूलित खोलीत ते थेंबात द्रवच राहील आणि जेल होणारच नाही; गोळा करण्याची नळी बर्फात ठेवावी लागते. हिवाळ्यात उलटा त्रास होतो, सिरिंज थंड पडली तर ते आतच गोठते. जिलेटिन तीसेक अंशांच्या वर वितळते, म्हणून ते शरीराच्या तापमानाला टिकवायचे असेल तर रासायनिक बांधणी करावी लागते.

प्रकाशाने बांधल्या जाणाऱ्या पॉलिएथिलीन ग्लायकॉल डायअॅक्रिलेटसारख्या पदार्थांत गोठण्याचा क्षण आपल्या हातात असतो, हा मोठा फायदा. परंतु पी.डी.एम.एस.मधून हवेतला ऑक्सिजन सहज आत येतो आणि बांधणीची साखळी तोडतो. परिणामी थेंबाच्या कडेचा पातळ थर द्रवच राहतो आणि कण थेंबापेक्षा लहान निघतो. फार लहान थेंब तर जेल होतच नाहीत. तेलात आधी नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हाकलणे, किंवा थायोल आणि नॉर्बोर्नीन यांच्या अभिक्रियेवर आधारलेले, ऑक्सिजनला फारशी दाद न देणारे जेल वापरणे, हे दोन मार्ग आहेत.

सकाळी आणि दुपारी केलेल्या कणांचे माप वेगळे का येते?

द्रवांची चिकटता तापमानाबरोबर बदलते म्हणून. पाण्याची चिकटता २५ अंशांना ०.८९ मिलिपास्कल-सेकंद असते आणि ४० अंशांना ती ०.६५ वर येते, म्हणजे चौथा हिस्सा घटते. तेलांत ही घट आणखी जास्त असते. खोली सकाळी २८ आणि दुपारी ३९ अंशांवर असेल तर पंपावरचे आकडे तेच ठेवूनही थेंब बदलणारच. वातानुकूलन नसेल तर काम पहाटे करावे, प्रत्येक नमुन्याशेजारी खोलीचे तापमान लिहावे आणि दोन वेगळ्या वेळी केलेले कण एकत्र मिसळू नयेत. वीज गेली की पंप थांबतो, आणि थांबलेल्या चिपमध्ये द्रव एकमेकांच्या वाहिनीत शिरतात. पंपाला यू.पी.एस. हवाच, आणि पुन्हा सुरू केल्यावर थेंब स्थिर होईपर्यंतचा भाग वेगळ्या नळीत काढून टाकावा.

सिरिंज पंपाने थेंबांचा आकार लाटेसारखा कमी-जास्त होतो. काय करावे?

पंपातली मोटर टप्प्याटप्प्याने फिरते आणि मोठ्या व्यासाच्या सिरिंजमध्ये तो प्रत्येक टप्पा प्रवाहाला धक्का देतो. कमी व्यासाची सिरिंज घ्यावी, शक्यतो काचेची. मऊ आणि लांब नळ्यांऐवजी ताठर आणि आखूड नळ्या लावाव्यात.

तेल आणि सरफॅक्टंट कोणते निवडावे?

सरफॅक्टंट म्हणजे थेंबांच्या सीमेवर बसून त्यांना एकमेकांत मिसळू न देणारा पदार्थ. मिनरल ऑइलमध्ये स्पॅन ८० हा सरफॅक्टंट घालणे स्वस्त आहे आणि शिकण्यासाठी पुरेसे आहे. ते पी.डी.एम.एस. हळूहळू फुगवते, म्हणून चिप दीर्घकाळ टिकत नाही. हेक्झेनसारखी द्रावके तर तिला झटकन फुगवतात, ती चिपमध्ये सोडूच नयेत. फ्लोरिनयुक्त तेले चिपला फुगवत नाहीत, प्राणवायू चांगला वाहून नेतात आणि पेशींना सोसतात, पण महाग असतात. थ्री-एम या कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये अशा वर्गातल्या पदार्थांचे उत्पादन २०२५ अखेरपर्यंत बंद करण्याचे जाहीर केले. त्यामुळे जुन्या शोधनिबंधांत वारंवार दिसणारे नोव्हेक ७५०० या फ्लोरिनयुक्त तेलाचे नाव पाहून मागणी नोंदवण्याआधी पर्यायाची चौकशी करावी.

नळीत थेंब कुठे शोधायचे हेही तेलावर ठरते. फ्लोरिनयुक्त तेल पाण्यापेक्षा सुमारे दीडपट जड असते, म्हणून थेंब वर तरंगतात. मिनरल ऑइल पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून ते तळाशी बसतात. फ्लोरिनयुक्त तेलावर पहिल्यांदा काम करणारे अनेकजण वरचा पांढुरका थर काढून टाकतात, आणि कण त्यातच असतात.

कण तेलातून पाण्यात कसे आणायचे?

फ्लोरिनयुक्त तेलासाठी परफ्लोरोऑक्टॅनॉल सुमारे २० टक्के प्रमाणात त्याच तेलात मिसळून थेंबांवर घालतात, हलकेच हलवतात आणि वर पाणी देतात. सरफॅक्टंट सीमेवरून हटतो आणि कण पाण्यात उतरतात. मिनरल ऑइलसाठी चिपबाहेर, परीक्षानळीत, हेक्झेनने धुऊन मग थोड्या ट्वीन २० असलेल्या पाण्याने पुनःपुन्हा धुवावे. जोरात फिरवू नये. सेंट्रिफ्यूजचा वेग जास्त झाला तर मऊ कण चपटे होऊन एकमेकांना चिकटतात. जेल पूर्ण बांधले जाण्याआधी ही पायरी घेतली तर थेंब एकमेकांत मिसळतात आणि आधीची सगळी मेहनत वाया जाते.

गाभा आणि कवच असलेली कॅप्सूल कशी करतात?

तीन वाटा आहेत. पहिल्या वाटेत एकात एक बसवलेल्या काचेच्या केशनळ्यांतून दुहेरी थेंब पाडतात, म्हणजे तेलात जेलचा थेंब आणि त्याच्या पोटात दुसरा थेंब. २००५ मध्ये या रचनेने एकाच पायरीत एकसारखे दुहेरी थेंब करून दाखवले गेले. दुसरी वाट जुनी आणि साधी आहे : अल्जिनेटचे कण करून त्यांवर पॉलि-एल-लायसिन किंवा कायटोसानसारख्या धनभारित पॉलिमरचा थर चढवायचा आणि मग सोडियम सायट्रेटने आतले जेल विरघळवायचे. १९८० मध्ये लिम आणि सन यांनी स्वादुपिंडातील पेशीपुंज अशाच अल्जिनेट-पॉलिलायसिन कॅप्सूलमध्ये ठेवून मधुमेही उंदरांत रोपण केले, तेव्हा दोन ते तीन आठवडे रक्तशर्करा आटोक्यात राहिली. तिसऱ्या वाटेत कॅल्शियम गाभ्यात ठेवून कवच आतून बाहेर वाढू देतात.

कवचाची जाडी सगळीकडे सारखी आणणे हीच यातली कसोटी आहे. गाभा आणि कवच यांची घनता वेगळी असेल तर गाभा वर किंवा खाली सरकतो आणि एका बाजूचे कवच पातळ राहते, जिथून ते फुटते. घनता जुळवावी, किंवा गाभ्याला सरकायला वेळच मिळणार नाही इतक्या लवकर कवच बांधावे.

प्रत्येक कणात एकच पेशी ठेवता येते का?

खात्रीने नाही, पण शक्यता ठरवता येते. पेशी यदृच्छेने येतात, म्हणून त्यांची वाटणी प्वासाँच्या नियमाने होते. सरासरी दर थेंबाला एक पेशी ठेवली तर सुमारे ३७ टक्के थेंब रिकामे, ३७ टक्क्यांत एक आणि २६ टक्क्यांत एकाहून अधिक पेशी येतात. सरासरी ०.१ ठेवली तर ९० टक्के थेंब रिकामे राहतात, पण पेशी असलेल्या थेंबांपैकी सुमारे ९५ टक्क्यांत ती एकटीच असते. काय महत्त्वाचे आहे ते आधी ठरवावे. पेशी सिरिंजमध्ये तळाशी बसू नयेत म्हणून द्रावणाची घनता वाढवावी किंवा सिरिंज उभी धरून अधूनमधून फिरवावी.

एकसारखेपणा मोजायचा कसा?

सूक्ष्मदर्शकाखाली निदान दोन-तीनशे कणांची छायाचित्रे घेऊन इमेज-जे या मोफत आज्ञावलीत व्यास मोजावेत. प्रमाण विचलन भागिले सरासरी गुणिले १०० हा विचलन गुणांक साधारण ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर कण एकसारखे मानले जातात. चांगल्या चिपवर तो १ ते ३ टक्क्यांपर्यंत येतो. तेलातले थेंब आणि पाण्यातले कण यांची मापे वेगवेगळी नोंदवावीत. थेंबांचा गुणांक २ आणि कणांचा ९ आला, तर चिप निर्दोष आहे आणि दोष जेल बांधण्यात किंवा धुण्यात आहे, हे तत्काळ कळते. चांगले दिसणारे क्षेत्र निवडून छायाचित्र घेणे ही आत्मवंचना आहे. स्लाइडवरच्या आधी ठरवलेल्या जागांवरच थांबावे. वेगवान कॅमेरा नसेल तर मोबाइलचे सेकंदाला २४० चौकटींचे चित्रण नेत्रिकेवर धरून, सेकंदाला शंभराहून कमी थेंब पडत असतील तोवर, उपयोगी पडते.

ठेवलेले अल्जिनेट कण फुगून विरघळले. चूक कुठे झाली?

बहुधा ते फॉस्फेट बफरमध्ये ठेवले गेले. फॉस्फेट कॅल्शियमला ओढून घेतो, सोडियम त्याची जागा घेतो आणि जाळी सैल पडते. हेपेस किंवा ट्रिस बफरमध्ये थोडे कॅल्शियम क्लोराइड घालून ठेवावेत.

सोयाबीनच्या रायझोबियमसाठी असे कण करता येतील का?

लातूर, परभणी, नांदेडकडून हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर आम्हांला मनापासून दोन भागांत द्यावेसे वाटते. अल्जिनेटमध्ये जिवाणूखत बंदिस्त करण्याची कल्पना पक्की आहे. जेल जिवाणूंना कोरडेपणापासून काही काळ सांभाळते आणि जमिनीत हळूहळू सोडते. मात्र एका चिपमधून तासाला १ मिलिलिटर द्रावण जात असेल तर एक लिटर कण करायला हजार तास, म्हणजे अखंड चालवूनही सहा आठवडे लागतील. एका तालुक्याच्या बियाण्यालाही ते पुरणार नाही. शेतासाठीचे कण कंपन करणाऱ्या नोझलने किंवा साध्या सुयांच्या जुडग्याने करावेत, तिथे थोडी तफावत चालते. पायऱ्यांवरून द्रव सांडून थेंब पाडणारी रचना, जिच्यात आकार प्रवाहापेक्षा वाहिनीच्या खोलीवर अवलंबून असतो, ती शेकडो तोंडे एकत्र जोडता येत असल्यामुळे यापुढे उपयोगी ठरू शकते.

चिपचा खरा उपयोग त्याआधीच्या टप्प्यावर आहे. कणाचा व्यास २०० मायक्रोमीटर ठेवावा की ५००, कायटोसानचा थर द्यावा की नाही, चाळीस अंशांच्या गोदामात किती जिवाणू किती दिवस तगतात, हे प्रश्न सोडवायला आकार सोडून बाकी सर्व बदलणारे किंवा फक्त आकार बदलणारे नमुने हवेत, आणि असे नमुने चिपच देऊ शकते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी पीक आणि जिवाणू यांचे ज्ञान आहे, जालन्याला रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर आहे. एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पात या दोन्ही बाजू एकत्र आल्या तर सोयाबीनच्या हंगामाआधीच्या चार महिन्यांत साठवणुकीची पूर्ण तुलना होऊ शकते. तिला लागणारे कण काही मिलिलिटरच असतील, आणि तेवढे एका चिपवर निवांत होतात.

वापरलेले तेल कुठे टाकावे?

बेसिनमध्ये मुळीच नाही. फ्लोरिनयुक्त पदार्थ निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत, आणि आपल्याकडे भूजलावर किती घरे अवलंबून आहेत हे वेगळे सांगायला नको. तेल वेगळ्या बाटलीत नाव आणि तारीख लिहून साठवावे. ते स्वच्छ असेल तर गाळून पुढच्या सरावासाठी वापरावे, आणि उरलेले घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्यावे.